दालचा: तूर, तांदूळ आणि हाड

वऱ्हाडातल्या मुसलमानांचा इतिहास वाचायला घेतला की तो साधारण एकाच वाटेनं जातो. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून जाताना एलिचपुरावरून गेला. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कनं इमादशाही उभी केली आणि एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, राजधानी झालं. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ते राज्य गिळलं, १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मुघलांना देऊन टाकावं लागलं, १८०३ मध्ये आडगावची लढाई झाली आणि गाविलगड पडला. मध्ये निजाम, भोसले, शेवटी इंग्रज. या सगळ्या पानांत किल्ले आहेत, तह आहेत, तलवारी आहेत. जेवताना कुणी दिसत नाही.

आमची अर्धी अडचण इथूनच सुरू होते असं मला वाटतं. इतिहास फक्त किल्ल्यांचा असला की वऱ्हाडातला मुसलमान फौजेबरोबर आला आणि फौज गेल्यावर मागं राहिला, असं चित्र तयार होतं. मग त्याचं जेवणही तसंच बाहेरून आलेलं धरलं जातं. ईद जवळ आली की मित्र प्रेमानं विचारतात, "बिर्याणी कधी?" त्यात वाईट काही नाही, आम्हीही आनंदानं वाढतो. पण अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांत लग्न, अकिका, चाळिसावा अशा प्रसंगी दस्तरखानावर वर्षानुवर्षं जे बसलं आहे ते दालचा-चावल. हल्ली बिर्याणी सरसकट झाली तरी म्हातारी माणसं अजून विचारतात, "दालचा नाही का?"

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी: चण्याची आणि तुरीची डाळ, हाडासकट गोश्त, दुधीचे मोठे तुकडे, चिंचेचं पाणी, वरून कढीपत्त्याची आणि लाल मिरचीची फोडणी. ताटात खाली पांढरा भात आणि त्यावर पळीभर हे. वरण-भाताचा चुलतभाऊ म्हणा. फरक हाडाचा आणि चिंचेचा.

या देगेत काय काय पडतं आणि ते कुठून येतं, एवढंच जरी नीट पाहिलं तरी वऱ्हाडच्या गेल्या दोनशे वर्षांचा बराचसा इतिहास हाताशी लागतो. किल्ल्यांच्या इतिहासापेक्षा तो मला जास्त आपला वाटतो.

तांदळापासून सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथं आहे. वऱ्हाड हा भाताचा मुलूख नाहीच. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ज्वारीची आणि कपाशीची. भात पिकतो तो पूर्वेला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं, जिथं तळी आहेत आणि पाऊस भरपूर आहे. अमरावती-अकोल्याच्या माणसाचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, मग तो पाटील असो, कुणबी असो, महार असो की पिंजारी. भात दिसायचा तो सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला. हिंदू घरांतले वडा-भात आणि गोळा-भात हे खास वऱ्हाडी प्रकार आठवा. तेही पाहुणचाराचेच पदार्थ आहेत. म्हणजे ज्या मुलखात तांदूळ विकत आणावा लागतो तिथं दावत म्हणजे भात, ही समजूत सगळ्यांचीच होती. आमच्यात तर "खाना" हा शब्दच काही ठिकाणी भातासाठी वापरतात.

आमच्या घरांत साध्या पांढऱ्या भाताला आणखी एक शब्द आहे, खुश्का. हा शब्द अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त जसाच्या तसा सापडतो. अकबराच्या मुदपाकखान्याची यादी देताना अबुल फज्लनं पदार्थांचे वर्ग केले आहेत आणि पहिला वर्ग बिनगोश्ताचा, त्याला तो 'सूफियाना' म्हणतो. त्यात खुश्का आहे, खिचडी आहे आणि 'पहित' नावाची डाळ आहे. खिचडीचं माप पाहण्यासारखं आहे: पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ आणि पाच शेर तूप. एवढं तूप बादशहालाच परवडणार. पहितचं माप त्या मानानं माणसांतलं आहे: दहा शेर डाळीला दीड शेर तूप, मीठ, आलं, जिरं, हिंग. आणि पुढं तो लिहितो की ही डाळ बहुतेक खुश्क्याबरोबर खातात. चारशे वर्षांपूर्वीच्या आग्र्याच्या वाड्यातही डाळ-भातच होता, हे वाचून मला बरं वाटलं. त्याच ग्रंथात वऱ्हाडच्या सुभ्याचंही वर्णन आहे. एलिचपूर, नरनाळा, गाविल ही नावं त्यात आहेत.

खिचडीचा उल्लेख तर त्याच्याही आधीचा. इब्न बतूता चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तूप घालून सकाळी खातात आणि त्याला 'किश्री' म्हणतात. जहांगीर १६१८ च्या सुमारास गुजरातेत असताना त्यानं बाजरीची खिचडी पहिल्यांदा चाखली. ती त्याला इतकी आवडली की गोश्त न खाण्याच्या दिवशी ती वाढत जा, असा हुकूमच त्यानं दिला. मुघल बादशहांचे बिनगोश्ताचे दिवस असत, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर पटत नाही.

इथवरचा इतिहास बादशहांचा आणि प्रवाशांचा झाला. वऱ्हाडातल्या साध्या माणसाच्या देगेत भात केव्हा आला, याचं उत्तर मला आगगाडीत सापडतं, आणि आगगाडी आली ती कापसामुळं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. कापूस इथं आधीपासून होताच. पण १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली. मिसिसिपी नदीच्या मुखाशी असलेलं न्यू ऑर्लिन्स हे कापसाचं सर्वांत मोठं निर्यात बंदर. ते एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या हाती पडलं. तिकडच्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडं वळल्या. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. लिव्हरपूलच्या बाजारात एका जातीच्या कापसाचं नावच 'ऊम्रा' पडलं. ऊम्रा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. इंग्रजांनी नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ पर्यंत पुरा केला. अकोला आणि बडनेरा त्याच मार्गावर. १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि तिथल्या फाट्याचं आणि कापूस बाजाराचं उद्घाटन करून गेला. त्याच वर्षी अल्फ्रेड लायलनं संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर निघालं. आमच्या भागाला इंग्रजांनी इतकं मनापासून न्याहाळलं ते सरकीसकट कापसासाठी.

या गडबडीत मुसलमान कुठं होते? जहागीरदार थोडे. बाकीचे गाडीवान, जिनिंग-प्रेसिंगमधले मजूर, विणकर, आणि पिंजारी. धनुकलीनं कापूस पिंजणारी ही जमात स्वतःला मन्सुरी म्हणवते आणि गाद्या भरणाऱ्याची हाक वऱ्हाडच्या गल्ल्यांतून अजून ऐकू येते. कापूस पिकवणारा, ओढून नेणारा, पिंजणारा आणि विणणारा अशी जी लांब साखळी होती, तिच्या बऱ्याच कड्या आमच्या होत्या. बाळापूर, अचलपूर ही गावं कापडासाठी नावाजलेली. मँचेस्टरचं कापड त्याच आगगाडीनं उलट आलं आणि विणकरांच्या मागांवर धूळ बसली, तो भाग निराळा आणि दुःखाचा.

आगगाडी कापूस घेऊन पश्चिमेला गेली आणि धान्य घेऊन परत आली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडपर्यंत रूळ पडले. त्याच्या आधी बैलगाडीनं आठवडा लावून येणारा तांदूळ आता वाघिणीनं अकोल्याच्या बाजारात उतरू लागला. तालेवारांपुरती राहिलेली भाताची दावत साध्या मोहल्ल्यापर्यंत पोचली ती तेव्हापासून, असं मी मानतो. दालचा-चावल हे जमातीचं जेवण झालं ते वाघिणीतल्या पोत्यांमुळं.

याची दुसरी बाजू भयानक आहे. कपाशी वाढली तशी ज्वारी मागं हटली. धान्य विकत घ्यायची सवय लागली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. 'संपन्न' म्हणून इंग्रजांनी मिरवलेल्या वऱ्हाडात माणसं उपाशी मेली. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे, ते जरूर वाचावं.

तूर मात्र टिकली, कारण ती कपाशीच्या रानातच उगवते. कपाशीच्या काही ओळी आणि मग तुरीची एक, ही पेरणी वऱ्हाडात आजही रस्त्यावरून दिसते. कपाशीला किडीनं खाल्लं किंवा पावसानं दगा दिला तरी तुरीची मुळं खोल जातात, ती काहीतरी देऊन जाते. आता देगेकडं परत पाहा. तूर कपाशीच्या रानातली. देगेखाली जळतात त्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं, नाहीतर तुराट्या. पुढच्या काळात फोडणीला आलं ते सरकीचं तेल. आणि ज्याचं हाड देगेत पडायचं त्या बैलानं याच रानात नांगर ओढलेला, याच सरकीची ढेप खाल्लेली. तांदूळ तेवढा परका.

ज्या न्यू ऑर्लिन्सच्या बंदरामुळं आमच्याकडं आगगाडी आली, तिथं सामान्य माणूस काय खात होता? तोही डाळ-भातच. लाल राजमा आणि भात. हा पदार्थ तिथं आजही सोमवारचा मानतात. कारण साधं आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातून उरलेलं डुकराचं हाड राजम्याच्या भांड्यात टाकायचं, भांडं मंद विस्तवावर ठेवायचं आणि दिवसभर धुणं धुवायचं. संध्याकाळपर्यंत राजमा आपोआप शिजून घट्ट होतो. त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी नावाची पालेभाजी, शिवाय तमालपत्र आणि तिखट. लुई आर्मस्ट्राँग हा तिथला जगप्रसिद्ध ट्रंपेटवादक पत्राच्या शेवटी "आपला विश्वासू" ऐवजी "आपला राजमा-भातू" अशा अर्थाची सही करायचा.

या पदार्थाला लोक केजनही म्हणतात आणि क्रेओलही. केजन म्हणजे अकेडियन या शब्दाचा अपभ्रंश. १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावून लावलेले हे फ्रेंच शेतकरी, फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत येऊन वसले. राजम्याचा रिवाज रुजवण्यात मोठा वाटा मात्र कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांचा. सां-डोमिंग्यू, म्हणजे आजचं हैती, इथल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं आणि १८०४ मध्ये स्वतःचं राज्य उभं केलं. त्या उलथापालथीत बेट सोडलेले नऊ हजारांवर लोक १८०९ च्या आसपास क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्समध्ये उतरले. त्यांत गोरे मालक होते, स्वतंत्र काळे होते आणि गुलामही होते.

आणि भात? तो आफ्रिकेतून. १७१९ मध्ये गुलामांना घेऊन पहिली जहाजं लुइझियानात आली तेव्हा कप्तानांना सूचना होती की भातशेती जाणणारी माणसं आणि बियाण्याचा तांदूळ बरोबर आणा. फ्रेंच अमदानीत तिथं नेलेल्या गुलामांचा मोठा हिस्सा सेनेगांबियातून, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या अशा टापूतून आलेला, जिथं भात पिकत होता आणि इस्लाम शेकडो वर्षं जुना होता. भात कसा शिजवावा हे गोऱ्या मालकांना त्यांच्या काळ्या स्वयंपाकिणींनी शिकवलं. पश्चिम आफ्रिकेत चवळी आणि भात एकत्र शिजवायची पद्धत आजही घराघरांत आहे. घानामध्ये त्याला 'वाके' म्हणतात, हा शब्द हौसा भाषेतला, आणि हौसा बहुतेक मुसलमान. ती चवळी म्हणजे आपली बरबटी. तिचं मूळ आफ्रिकेतलं, पण वऱ्हाडच्या रानात ती इतकी जुनी झाली आहे की तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही.

जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ सापेलो नावाचं बेट आहे. तिथं बिलाली मुहम्मद नावाचा एक गुलाम होता. त्यानं अरबीत लिहिलेली, मालिकी फिक्हवर आधारलेली तेरा पानांची वही आजही जपून ठेवली आहे. १९३० च्या दशकात काही लोकांनी या बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. बिलालीच्या वंशातल्या एका बाईनं सांगितलं की तिची आजी वर्षातून एकदा तांदूळ भिजवून, कांडून त्याच्या गोड चपट्या वड्या करायची, पोरांना बोलावून एकेक हातावर ठेवायची आणि म्हणायची "सराका". सांगणारीला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. आपल्या वाचकांना सांगायला नको, तो सदका आहे. नमाज गेली, भाषा गेली, नावं बदलली. तांदळाच्या वडीवर एक शब्द शिल्लक राहिला.

स्पॅनिश भाषेत तांदळाला 'अरोझ' म्हणतात, तो शब्द अरबी 'अर-रुझ्झ'वरून आला, कारण स्पेनला भाताची शेती अरबांनी शिकवली. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडलं, मुसलमान हळूहळू हाकलले गेले, तांदूळ राहिला. पुढं स्पेनच्या वसाहतीत, क्यूबात, काळा घेवडा आणि पांढरा भात एकत्र करून जो पदार्थ झाला त्याला नाव पडलं 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे 'मूर आणि ख्रिस्ती'. काळे दाणे ते मुसलमान, पांढरे ते ख्रिस्ती. आठशे वर्षांची लढाई ताटात आणून ठेवली आणि वर चमच्यानं कालवून खाल्ली! मला हे नाव आवडतं की खटकतं हे अजून ठरत नाही.

आता हाडाकडं येतो, कारण दालच्याचं आजचं दुखणं तिथं आहे. श्रीमंताच्या दालच्यात बकऱ्याचं गोश्त असे, गरिबाच्या दालच्यात बड्याचं. यात चवीचा मुद्दा फारसा नव्हता, भावाचा होता. बड्याची नल्ली आणि थोडं गोश्त घेतलं की शंभर माणसांची देग निघायची. डाळीनं पोट भरतं, हाडानं चव येते, असा तो हिशेब. न्यू ऑर्लिन्सच्या धुणं धुणाऱ्या बाईचाही हिशेब नेमका हाच होता, फक्त हाड वेगळं.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यानं आली. बैल आणि वळू मात्र कामाचे राहिले नाहीत असा दाखला मिळाला तर कापता येत होते. मार्च २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तेही बंद झालं. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही. कायदा कायदा आहे, आणि गायीविषयी शेजाऱ्याच्या भावना काय आहेत हे वऱ्हाडातल्या मुसलमानाला कुणी शिकवायला नको. पोळ्याला मुसलमान शेतकऱ्याच्या घरचे बैलही सजतात. पण या बंदीचा हिशेब फक्त मुसलमानाच्या ताटात मांडला जातो, तो मला अपुरा वाटतो. कपाशीच्या शेतकऱ्याचा म्हातारा बैल बाजारात विकला जायचा आणि त्या पैशात थोडी भर घालून नवी जोडी यायची. घेणारा बहुतेक वेळा कुरेशी असे, विकणारा बहुतेक वेळा कुणबी किंवा माळी. दोघांचा व्यवहार बैलबाजारात रोख आणि तोंडओळखीवर चालायचा. आज विकणाऱ्याला गिऱ्हाईक नाही, कुरेश्याला धंदा नाही, आणि रस्त्यात गाडी अडवणाऱ्यांची भीती कायदेशीर म्हैस नेतानाही आहे. दालच्यातलं हाड गेलं तेव्हा त्याच्याबरोबर हा बाजारही गेला, याची बातमी कुठं आली नाही.

गरीब घरांत आता दालचा कोंबडीच्या पाठीच्या हाडांचा होतो, नाहीतर नुसत्या दुधीचा. चांगला लागतो, खोटं कशाला बोलू. पण तो दालचा आमच्या अम्मीला ओळखता येणार नाही.

मोहर्रमच्या दहा तारखेचा खिचडा हा दालच्याचाच मोठा भाऊ. गहू, तांदूळ, चणा, तूर, मूग, मसूर आणि गोश्त रात्रभर घोटायचं. नूह अलैहिस्सलामची किश्ती जमिनीला लागली तेव्हा उरलेसुरले दाणे एकत्र करून शिजवले, त्याची ही आठवण, असं घरोघर सांगतात. तुर्कस्तानातही याच दिवशी धान्यांची गोड खीर करतात आणि हीच गोष्ट सांगतात. या रिवाजाला दीनात आधार नाही असं म्हणणारे उलेमा आहेत, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी. मी इथं इतिहास लिहितो आहे, फतवा नाही. वऱ्हाडातल्या अनेक गावांत सवारीपुढं नारळ फोडणारे आणि खिचड्याचं भांडं घरी नेणारे हिंदू शेजारी होते आणि काही गावांत अजून आहेत, हा त्या इतिहासाचा भाग आहे.

माझी भाची हैदराबादेत नोकरी करते. तिनं कुठंतरी केजन राजमा-भाताचा व्हिडिओ पाहिला आणि मला फोन केला, "मामू, यात ते लोक धुरी दिलेलं डुकराचं मांस घालतात, आपण काय घालायचं?" मी म्हटलं, कोळसा. धुंगार आपल्या घरात कबाबाला देतात, तोच इथं चालतो. मग आम्ही फोनवरूनच भांडं चढवलं. तिनं केलं ते असं, कुणाला करायचं असेल तर करा.

पाव किलो लाल राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. हे टाळू नये, कारण कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक विषारी घटक असतो आणि नुसत्या कोमट आचेवर तो जात नाही. कुकर वापरणार असाल तर काळजी नाही. दुसऱ्या भांड्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरीऐवजी सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, देठ बारीक चिरून तेलात परतायचे. लसूण, तमालपत्र, लाल तिखट, मिरपूड. त्यात बकऱ्याची दोन नळ्या आणि शिजत आलेला राजमा. मंद आचेवर दीड तास. चौथा हिस्सा दाणे पळीनं भांड्याच्या कडेला चेचले की रस्सा आपोआप घट्ट होतो, मैदा वगैरे लागत नाही. शेवटी वाटीत पेटता कोळसा, त्यावर तुपाचा थेंब, आणि झाकण. खाली खुश्का.

दालच्याची रीत याहून वेगळी नाही. पाव किलो चणा डाळ, तिच्या निम्मी तूर, हळद घालून शिजवून घोटायची. अर्धा किलो हाडांचं गोश्त आलं-लसूण, कांदा, धणे-जिरे, तिखट घालून वेगळं गाळायचं आणि मग दोन्ही एकत्र. दुधी त्यानंतर, नाहीतर विरघळतो. चिंच सगळ्यांत शेवटी, कारण आंबट पडलं की डाळ पुढं शिजत नाही, दाणा तसाच राहतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या बायकांना हे दुखणं चिंचेशिवायही माहीत आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ तासन्‌तास उकळली तरी शिजत नाही, म्हणून लग्नाच्या देगेसाठी गोडं पाणी दुसऱ्या गावाहून आणायचा रिवाज. आमच्या एका खालाच्या लग्नात गोश्त वेळेवर आलं, तांदूळ वेळेवर आला आणि पाण्याची बैलगाडी आली दुपारी तीनला. वरात थांबली, काझीसाहेब थांबले, सगळे देगेकडं बघत बसले.

उरलेला दालचा रात्रीत घट्ट होतो. सकाळी त्यात पेलाभर पाणी घालून, लसणाची नवी फोडणी देऊन गरम करतात. तोवर भात संपलेला असतो, म्हणून तो ज्वारीच्या भाकरीशी खातात.